सुरांच्या कडेला लिहिलेले शब्द

पियानो शिकणाऱ्या मुलांना इटालियन शब्दांची सवय पहिल्या दोन वर्षांतच लागते. आलेग्रो म्हणजे जलद, पियानो म्हणजे हळू आवाजात, क्रेशेंदो म्हणजे आवाज चढवत नेणं. शब्द थोडे, अर्थ ठरलेले, पाठ केले की काम झालं. मग कधीतरी क्लोद डेब्युसी या फ्रेंच संगीतकाराची एखादी रचना समोर येते आणि पहिल्याच मात्रेशेजारी बारीक अक्षरांत एक अख्खं फ्रेंच वाक्य दिसतं. 'दे पा स्यूर ला नेज' या रचनेत ते असं आहे: या लयीला एका उदास, गोठलेल्या भूदृश्याच्या पार्श्वभूमीचं ध्वनिमूल्य असावं. शब्दकोश काढून मूल त्याचा अर्थ लावतं आणि विचारतं, "टीचर, म्हणजे नक्की करायचं काय?"

ही पुस्तिका त्या प्रश्नातून झाली. मी वडाळ्यात शिकवते. कात्रक रोडपासून फाइव्ह गार्डनपर्यंतच्या आणि पुढे दादर पारशी कॉलनीतल्या जुन्या घरांमध्ये अजून पियानो आहेत. काही आजीच्या वेळचे, काही नातवासाठी अलीकडे घेतलेले. शिकायला पारशी आणि गोवेकर ख्रिश्चन घरांतली मुलं येतात तशी मराठी, कोकणी, तमिळ बोलणारीही येतात. लंडनच्या मंडळांच्या ग्रेड परीक्षा जवळजवळ सगळेच देतात. थिअरीच्या तयारीत फ्रेंच शब्दांची एक यादी असते, तीही पाठ होते. पण 'सेदे' म्हणजे 'गती कमी करा' एवढं पाठ असलेला विद्यार्थी डेब्युसीच्या पानावर ब्रेक मारल्यासारखा थांबतो. यादीने त्याला अर्थ दिला. हाताने काय करायचं आणि कानाने कशावर लक्ष ठेवायचं, ते दिलं नाही. पुढच्या पानांत मी तेवढंच द्यायचा प्रयत्न केला आहे. त्याआधी हे शब्द आले कुठून आणि ते कोणाशी बोलतात, हे सांगायला हवं.

स्वरलेखनात फ्रेंच शब्द डेब्युसीच्या आधीपासून आहेत. फ्रांस्वा कुपरँने १७१६ साली हार्प्सिकॉर्डवादनावर पुस्तक लिहिलं आणि आपल्या रचनांवर 'हळुवारपणे', 'नाजूकपणे' अशा अर्थाच्या सूचना आपल्याच भाषेत दिल्या. पुढे इटालियन ही युरोपभरची सोयीची भाषा झाली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला पॅरिसमधल्या संगीतकारांना ते ठरावीक शब्द अपुरे वाटू लागले. १८८८ च्या 'जिम्नोपेदी'वर एरिक सातीने 'संथ आणि वेदनामय' असं लिहिलं, त्यात फार नवं काही नव्हतं. १९१० साली छापून आलेल्या डेब्युसीच्या प्रेल्यूदांच्या पहिल्या भागात मात्र सगळी पद्धतच बदललेली दिसते. रचनेचं नाव वरती नाही; ते शेवटच्या ओळीखाली, कंसात, तीन टिंबांनंतर येतं. आधी वाजवा, ऐका, मग नाव पाहा. नाव मागे ठेवलं आणि सूचना पुढे आणल्या, यावरून त्याला कशाचं मोल होतं ते कळतं.

नेमक्या त्याच वर्षी, १९१० मध्ये, मुंबईत पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या 'हिंदुस्थानी संगीत पद्धती'चा पहिला भाग मराठीत प्रसिद्ध झाला. वाळकेश्वरला जन्मलेल्या या वकिलाने रागसंगीत कागदावर आणण्यासाठी आयुष्य वेचलं. त्यांच्या लेखनपद्धतीत सप्तकासाठी वरखाली टिंबं आहेत, मींडेसाठी कमान आहे, कणस्वरासाठी डोक्यावर लहान अक्षर आहे. पण स्वर 'उदास' लावा किंवा 'दुरून आल्यासारखा' लावा असं त्यांनी कुठे लिहिलं नाही. लिहायची गरजच नव्हती, कारण वही वाचणाऱ्यासमोर गुरू बसलेला आहे हे त्यांनी गृहीत धरलं होतं. स्वरलगाव तोंडून तोंडी जाणार होता. त्यांचा तो ग्रंथसुद्धा गुरुशिष्याच्या संवादाच्या रूपात आहे.

डेब्युसीला ही मुभा नव्हती. त्याचं छापलेलं पान समुद्रापार जाणार, त्याला कधीही न भेटलेल्या माणसाच्या हाती पडणार. तेव्हा शिकवताना गुरू जे अर्धवट वाक्य बोलतो ("असं नाही, जरा लांबून येऊ दे", "आवाज कर, पण टणक नको"), ते त्याने सुरांच्या कडेला लिहून ठेवलं. फ्रेंच सूचनांकडे या नजरेने पाहिलं की त्या वाचायची रीत बदलते. गुरूच्या अर्ध्या वाक्याचा आपण शब्दार्थ काढत बसत नाही, लगेच हात वळवून पाहतो. बसलं तर पुढे जातो, नाही तर पुन्हा. ज्यांच्या घरी गाणं शिकलं जातं त्या मराठी मुलांना ही रीत ठाऊक असते. पियानोपुढे बसल्यावर ती विसरायचं कारण नाही.

आता नेहमी भेटणाऱ्या शब्दांकडे येते. गतीच्या शब्दांत पहिला गोंधळ अवस्था आणि प्रक्रिया यांचा होतो. 'रतन्यू' म्हणजे रोखलेलं: त्या क्षणापासून गती मागे खेचलेलीच आहे. 'आं रतनां' म्हणजे रोखत रोखत: तिथून हळूहळू मागे यायचं आहे. 'आनिमे' आणि 'आं आनिमां' यांचं नातं तसंच, एक चैतन्याची स्थिती आणि दुसरं चैतन्य वाढत जाणं. छापील पानावर फरक एका छोट्या शब्दाचा. वाजवताना तो दोन मात्रांचा किंवा आठ मात्रांचा होतो. 'सेरे' म्हणजे आवळा, सूर एकमेकांच्या जवळ आणा. नुसतं 'जलद करा' म्हटलं की आवाजही वाढतो आणि बोटं धावतात. 'आवळा' म्हटलं की मधली हवा कमी होते आणि आवाज होता तिथेच राहू शकतो.

'सेदे' हा तर डेब्युसीचा लाडका शब्द. मान्य करा, थोडं सोडा, वाट द्या. दारात समोरून कोणी आलं की आपण क्षणभर बाजूला होतो आणि परत चालू लागतो, तेवढंच ते थांबणं. शब्दापुढे तो बऱ्याचदा दोन तिरप्या रेघा ओढतो. सोडणं तिथे संपतं आणि मूळ गती परत येते, तिच्यासाठी 'ओ मूव्हमां' असंही लिहिलेलं असतं. विद्यार्थी 'सेदे' पाळतात आणि त्या रेघा विसरतात. मग प्रत्येक वाक्य ढेपाळत जातं आणि तीन पानांची रचना झोपी जाते.

'साँ रिगर', म्हणजे काटेकोरपणा न ठेवता, हा 'व्हॉयल' या रचनेच्या आरंभी येतो, 'कुरवाळणाऱ्या' लयीच्या जोडीने. ही मनमानीची परवानगी समजली जाते, आणि मला त्याचा फार त्रास होतो. डेब्युसीजवळ त्याच्याच रचना शिकलेल्या मार्गरीत लाँग या पियानोवादिकेने आठवणींचं पुस्तक लिहिलं आहे. त्यातून दिसणारा माणूस लिहिलेल्या प्रत्येक चिन्हाबद्दल आग्रही आहे. मेट्रोनोमचे आकडे एखाद्या मात्रेपुरते खरे असतात असं तो म्हणे, पण त्याचा अर्थ लय सोडून द्या असा नव्हता. आधी लय पक्की बसवा, मग तिचा कणखरपणा ऐकू येऊ नये इतकी मऊ करा. आपल्याकडे विलंबित ख्यालात गाणारा मात्रेच्या मागेपुढे खेळतो, पण समेवर चुकत नाही, हे ज्याने ऐकलं आहे त्याला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

'आं दऑर' म्हणजे बाहेर. एखादी ओळ बाकीच्या आवाजांतून पुढे काढायची. नवशिका ती ओळ जोरात वाजवतो. खरं काम उलट्या दिशेने आहे: बाकीची बोटं हलकी करायची. एकाच हातात चार सूर असतील तर करंगळीवर वजन ठेवून उरलेली बोटं पट्टीच्या पृष्ठभागाला चिकटवून ठेवावी लागतात. हे जमायला महिने जातात, म्हणून या एका शब्दासाठी मी पुस्तिकेत सहा सराव दिले आहेत. इतर कुठल्याच शब्दाला एवढी जागा दिलेली नाही.

'पागोद' या रचनेवर 'नाजूकपणे आणि जवळजवळ चढउताराशिवाय' असं आहे. १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात डेब्युसीने जावाचं गामेलान ऐकलं होतं. त्या वाद्यवृंदाच्या धातूच्या नादात तसा चढउतार फारसा नसतो. आमच्या मुलांना ही सूचना सर्वांत जड जाते. भावगीत आणि चित्रपटगीत ऐकत वाढलेला कान प्रत्येक ओळीला फुगवटा देतो. भाव आणू नका असं म्हटलं की ती बिचारी गोंधळतात. मी त्यांना फक्त नाद ऐकत बसायला सांगते, सूर सुटल्यावर तो कसा विरतो तिकडे लक्ष द्यायला लावते. आठवड्याभरात फुगवटा आपोआप जातो.

यानंतर नादाच्या सूचना, आणि इथे वाद्याबद्दल बोलल्याशिवाय गत्यंतर नाही. 'ला कातेद्राल आंग्लुती', म्हणजे बुडालेलं कॅथेड्रल, ही रचना 'गाढ शांत' आहे, 'हळुवार नादमय धुक्यात' आहे. पुढे 'हळूहळू धुक्यातून बाहेर येत' आणि मग सर्वांत मोठ्या आवाजाच्या जागी 'नादमय, पण कठीणपणा नको'. धुकं पेडलमध्ये असतं. उजवं पेडल पूर्ण दाबलं की सगळ्या तारांवरचे डँपर उठतात आणि नाद मिसळतो. अर्धं सोडलं की खालचे सूर टिकतात आणि वरचे साफ होतात. 'लेसे व्हिब्रे', म्हणजे घुमू द्या, असं लिहिलेलं असतं तिथे हात उचलायचा आणि पेडल धरून ठेवायचं. 'कठीणपणा नको' हे मात्र हाताचं काम. उंचावरून आदळलेल्या हाताचा आवाज फुटतो. पट्टीला टेकलेल्या बोटांवर खांद्यापासूनचं वजन सोडलं तर तोच आवाज भरीव येतो.

'दोन्ही पेडलं' अशी सूचना आली की वडाळ्याच्या घरात अडचण होते. ग्रँड पियानोत डावं पेडल दाबलं की हातोड्यांची सगळी रांग बाजूला सरकते, त्या कमी तारांवर पडतात आणि आवाजाचा रंगच बदलतो. आपल्याकडे बहुतेकांच्या घरी उभा, अपराइट पियानो असतो. त्यात डावं पेडल हातोड्यांना तारांजवळ आणतं. आवाज कमी होतो, रंग तोच राहतो. मधलं पेडल असलंच तर बहुधा सरावासाठी फेल्टची पट्टी मध्ये आणणारं असतं, मैफलीत त्याचा उपयोग नाही. म्हणजे अपराइटवर तो रंग बोटांनीच काढायला हवा: पट्टी सावकाश दाबायची, हातोडी तारेपर्यंत कशीबशी पोहोचेल इतकी सावकाश. स्वतः डेब्युसीच्या घरी ब्ल्यूथ्नर ग्रँड होता, ज्यात वरच्या सुरांना साथीने कंप पावणाऱ्या जादा तारा असतात. त्याच्या कल्पनेतला घुमारा आपल्या दिवाणखान्यात पूर्णपणे येणार नाही. तरीही जवळ जाता येतं.

त्यात आपला पावसाळा. जूनपासून फेल्ट ओल धरतं, पट्ट्या अडकतात, डँपर उशिरा बसतात. जुन्या घरांत पियानोच्या खालच्या कप्प्यात बल्ब लावून ठेवण्याची रीत आहे, ती चांगली आहे. जुलैत अर्ध्या पेडलचे सराव करू नका. अडखळणाऱ्या डँपरमुळे पायाला चुकीची सवय लागते. ते महिने 'आं दऑर'ला द्या.

सातीकडे वळताना भाषा पुन्हा बदलते. १८९० च्या 'नोसियेन'मध्ये मात्रांच्या रेघाच नाहीत, आणि सुरांवर लिहिलं आहे: 'प्रश्न विचारा', 'विचाराच्या टोकावरून', 'फार चकाकत', 'डोकं उघडा', 'हा आवाज पुरून टाका'. पुष्कळ लोक हे वाचून हसतात आणि सोडून देतात. सातीला विनोद प्रिय होता हे खरंच आहे, पुढच्या रचनांत त्याने दात दुखणाऱ्या बुलबुलासारखं वाजवा असंही लिहिलं. पण 'नोसियेन'मधल्या सूचना मला गंभीर वाटतात. तीच सुरावट पुन्हा येते आणि दुसऱ्या वेळी शब्द बदललेला असतो. सूर तेच, आवाजाची खूण तीच. मग वाजवणाऱ्याने काय बदलायचं? फक्त अवधान. वाजवणारा मनातल्या मनात खरोखर प्रश्न विचारत असेल तर शेवटचा सूर किंचित वेगळा पडतो, हे वर्गात सगळ्यांना ऐकू येतं. १९१४ मध्ये सातीने एका रचनेच्या आरंभी बजावलं की वादन चालू असताना हे शब्द मोठ्याने वाचायचे नाहीत. ते श्रोत्यांसाठी नव्हते. वाजवणाऱ्याच्या कानात सांगितलेले होते.

डेब्युसीच्याच काळातल्या राव्हेल या फ्रेंच संगीतकाराबद्दल थोडक्यात. तो शब्दांचा काटकसरी. 'गास्पार द ला न्युई' या १९०८ च्या रचनेतल्या 'ल जिबे' या भागात 'शेवटपर्यंत न घाई करता, न मंदावता' अशी आज्ञा, आणि बावन्न मात्रा एकच सूर घंटेसारखा वाजत राहतो. वादकाने आपलं काही घालू नये असं त्याचं मत होतं. त्याच्या पानावर मनाई लिहिलेली असते, ती पाळायची.

स्क्रियाबिनची गोष्ट आपल्या गावातून जाते. १८७९ च्या फेब्रुवारीत थिऑसॉफिकल सोसायटीचे संस्थापक मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट मुंबईत उतरले आणि त्यांनी गिरगावात बिऱ्हाड केलं. सोसायटीचं मासिक त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबईतूनच सुरू झालं. मुख्यालय अड्यारला गेलं ते १८८२ च्या अखेरीस. पंचवीसेक वर्षांनी अलेक्झांडर स्क्रियाबिन हा रशियन संगीतकार पॅरिसमध्ये ब्लाव्हाट्स्कीचं लेखन फ्रेंचमध्ये वाचून भारावला. हिमालयाच्या पायथ्याशी सादर करायच्या एका महायज्ञासारख्या कलाकृतीचं स्वप्न पाहत तो १९१५ मध्ये वारला. त्याच्या शेवटच्या सोनाटांमध्ये फ्रेंच सूचना कथा सांगू लागतात. सहाव्यात 'भय उफाळून येतं', नवव्यात 'अधिकाधिक कुरवाळणारा आणि विषारी होत जाणारा' गोडवा, दहाव्यात 'प्रकाशमय, थरथरत'. डेब्युसीचा शब्द नादाबद्दल असतो, स्क्रियाबिनचा वादकाच्या अवस्थेबद्दल. तो अंगात आल्यासारखं वाजवायचा मोह होतो. माझं सांगणं असं की 'विषारी' हा शब्द आधी त्या स्वरसंघातात शोधा, कोणता सूर तिथे खुपतो ते पाहा आणि त्याच सुराला थोडी जास्त जागा द्या.

कैखुश्रू शापूरजी सोराबजी हे नाव पारशी कॉलनीतही फार जणांना ठाऊक नाही. वडील मुंबईचे पारशी स्थापत्य अभियंता, जन्म १८९२ चा, इंग्लंडमधल्या चिंगफर्डचा. डेब्युसी, राव्हेल आणि स्क्रियाबिन यांना पचवून त्याने आपली वाट काढली. १९२३ च्या 'ल जार्दँ पार्फ्यूमे' या पियानोकाव्याचं नावच फ्रेंच आहे. १९३० साली ग्लासगोत त्याने स्वतः सादर केलेली 'ओपुस क्लाव्हिचेंबालिस्तिकुम' चार तासांहून लांब चालते. पुढे अनेक वर्षं त्याने आपल्या रचनांच्या जाहीर वादनाला नकार दिला. अपुरी तयारी करून कोणी ते वाजवू नये, ही त्याची भूमिका मला पटते. या पुस्तिकेत त्याचा एकही सराव नाही, ते काम आपल्या आवाक्याबाहेरचं आहे. तरी ज्या परंपरेबद्दल आपण बोलतो आहोत तिच्यात एक नाव मुंबईच्या घराण्यातलं आहे, हे विद्यार्थ्यांना माहीत असावं.

याच ओघात एक इशारा. डेब्युसीत भारत शोधण्याची हौस आपल्याकडे आहे. सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात मौलाबक्षांनी काढलेल्या गायनशाळेच्या परंपरेतले इनायत खाँ पॅरिसला होते तेव्हा डेब्युसीने त्यांचं वादन ऐकलं, हे खरं. प्रेल्यूदांच्या दुसऱ्या भागातल्या 'ला तेरास दे ओदियांस द्यू क्लेर द ल्यून' या रचनेचं नाव पंचम जॉर्जच्या दिल्ली दरबारावरच्या रने प्युओ या फ्रेंच वार्ताहराच्या मजकुरातून आलं, हेही खरं. पण म्हणून तिथे राग शोधू नका. नाव वाचून तो लांबच्या देशाचं स्वप्न पाहत होता, आणि आपण त्याच देशात बसून त्याचं स्वप्न वाचतो आहोत. दोन्ही टोकं वेगळी ठेवली तर जास्त ऐकू येतं.

शब्दांवर किती विसंबायचं, याचंही एक उदाहरण पुस्तिकेत सविस्तर दिलं आहे. डेब्युसीने स्वतः वेल्टे-मिन्योन कंपनीच्या यंत्रासाठी कागदी रोलवर वादन करून ठेवलं, त्यात बुडालेलं कॅथेड्रलही आहे. सातव्या मात्रेपासून आणि पुढे बाविसाव्यापासून मोठ्या भागात तो लिहिलेल्यापेक्षा दुप्पट गतीने वाजवतो. छापील पानावर धुकं आहे, प्रतिध्वनी आहे, सगळं आहे. ही दुप्पट गती सांगणारी खूण मात्र सुटली आहे. ती जागा मूळ गतीतच वाजवणारे अनेक मोठे वादक होऊन गेले. इतका बारकाईने लिहिणारा माणूसही सगळं लिहीत नाही. म्हणून शब्दाबरोबर ध्वनिमुद्रणं ऐका, एकाच रचनेची किमान तीन, आणि त्यांत फरक कुठे पडतो ते पेन्सिलीने पानावर लिहा.

पुस्तिकेत शब्द वर्णक्रमाने लावलेले नाहीत. आधी गतीचे, मग नादाचे, मग पेडलचे, शेवटी मनाचे. प्रत्येक शब्दाखाली देवनागरीत उच्चार, मग साध्या मराठीत अर्थ, मग हाताने करायची कृती आणि तो शब्द ज्या रचनेत येतो तिचं नाव. उच्चार जवळपास जाणारे आहेत, फ्रेंच शिकवायला मी बसलेली नाही. बोटांचे आकडे दिलेले नाहीत. डेब्युसीने १९१५ च्या एत्यूदांना ते मुद्दाम दिले नव्हते, प्रत्येकाचा हात वेगळा म्हणून आपापली बोटं आपण शोधावीत असं त्याचं म्हणणं होतं.

सुरुवात 'दे पा स्यूर ला नेज', म्हणजे बर्फावरची पावलं, या रचनेपासून करा. छत्तीसच मात्रा आहेत आणि बोटांना अवघड जवळजवळ काही नाही. डी आणि ई, मग ई आणि एफ, एवढं ते पाऊल, ते शेवटपर्यंत साथ सोडत नाही. बर्फ पाहिलेलं नाही म्हणून अडायला नको, त्या वाक्यात मागितली आहे ती पार्श्वभूमी. पहिला आठवडा डोळे त्या दोन सुरांवर ठेवा, वरची ओळ गाऊन पाहा, आणि वरची ओळ वाजू लागली की खालचं पाऊल तिच्यामागे किती दूर जाऊ शकतं ते ऐका.